कर्जावरचे शिक्षण आणि सुट्टीतील प्रवास

बँकेच्या शाखेत अधूनमधून एक प्रसंग पाहावयास मिळतो. मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी युरोपात असते आणि वडील शैक्षणिक कर्जाचा खातेउतारा घेण्यासाठी आलेले असतात. या महिन्यात किती व्याज आकारले गेले, तो आकडा ते दोनदा वाचतात. मग खिशातून मोबाइल काढून एक छायाचित्र दाखवतात. मागे नदी, तीवर जुना दगडी पूल, पुलावर काळवंडलेले पुतळे आणि पुढे चार मित्रांच्या घोळक्यात हसणारा त्यांचा मुलगा. हे प्राग शहर आहे, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. मुलाने मात्र सुट्टीत वसतिगृहातच राहून प्रबंधाची तयारी करणार असल्याचे घरी कळविलेले असते. छायाचित्रही त्याने पाठविलेले नसते. ते पुतण्याच्या मोबाइलवरून फिरत फिरत आलेले असते.

"आम्ही इथे एकेक रुपया मोजतो आणि चिरंजीव तिकडे पूल पाहत फिरतात," हे त्यांचे वाक्य ऐकणाऱ्याला निरुत्तर करते. पाल्याच्या शिक्षणासाठी राहते घर तारण ठेवणाऱ्या माणसाला असे बोलण्याचा अधिकार नाही, असे कोण म्हणेल? तरीही या वाक्यात दोन तक्रारी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. मुलगा फिरला, ही पहिली. त्याने सांगितले नाही, ही दुसरी. दोहोंचा निवाडा वेगवेगळा केला पाहिजे. परदेशात शिकणाऱ्या तरुणाने सुट्टीत मित्रांसमवेत आजूबाजूची शहरे पाहणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे आणि त्याबद्दल त्याला अपराधी वाटण्याचे कारण नाही. मात्र हा खर्च कर्जाच्या रकमेतून होता कामा नये, आणि तो घरापासून लपवून तर मुळीच होता कामा नये. या लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

भटक्या कारागिरांची रीत

शिकणाऱ्याने प्रवास करावा, ही कल्पना युरोपात नवी नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील उमराव आपल्या मुलांना शिक्षकासोबत फ्रान्स आणि इटलीच्या दीर्घ दौऱ्यावर धाडीत. तो श्रीमंतांचा मार्ग झाला. आपल्या विद्यार्थ्यांना अधिक जवळची वाटावी अशी रीत जर्मन भाषिक प्रदेशातील सुतार, गवंडी, कौलारू अशा कारागिरांची आहे. उमेदवारी संपली की तरुण कारागिराने तीन वर्षे आणि एक दिवस गावोगाव भटकायचे, ठिकठिकाणी काम करून आपल्या कलेतील निरनिराळ्या पद्धती शिकायच्या आणि त्या काळात आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचे नाही. रुंद काठाची टोपी, काळी मखमली विजार आणि हातात काठी अशा वेषातील हे कारागीर आजही अधूनमधून जर्मनीच्या रस्त्यांवर दिसतात.

बँकेच्या वाचकांना या परंपरेतील एक अट विशेष उद्बोधक वाटेल. भटकंतीस निघणारा अविवाहित हवा, तसाच तो कर्जमुक्तही हवा. देणेकऱ्यांना चुकविण्यासाठी कोणी प्रवासाचा आडोसा घेऊ नये, हा त्यामागील सरळ हेतू. निघताना खिशात अगदी थोडे पैसे असावेत आणि परतताना साधारण तेवढेच असावेत, असाही संकेत आहे. म्हणजे प्रवासाने माणूस श्रीमंत होऊ नये आणि कर्जबाजारीही होऊ नये.

आपला विद्यार्थी या अटीत बसत नाही. तो कर्ज घेऊनच विमानात बसलेला असतो. मग त्याने भटकूच नये काय? अटीचे शब्द पाहिले तर उत्तर नकारार्थी येते; हेतू पाहिला तर वाट मोकळी होते. देणे चुकविण्यासाठी निघालेला प्रवास वर्ज्य आहे. देणे लक्षात ठेवून, आपल्या श्रमाच्या पैशांतून आणि घरी सांगून केलेला प्रवास त्या जुन्या रीतीस धरूनच होईल.

चार मित्र, तीन शहरे

या प्रवासातून मिळते काय, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तरासाठी एक साधा मार्ग घेऊ. समजा, जर्मनीतील ड्रेस्डेन येथे चार विद्यार्थी शिकत आहेत. एक इंदूरची मराठी मुलगी, एक केरळचा मुलगा, एक तुर्कस्तानचा आणि एक मेक्सिकोची. फेब्रुवारीत परीक्षा आटोपल्या आहेत आणि नवे सत्र एप्रिलमध्ये सुरू व्हायचे आहे. चौघे आगगाडीने प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट पाहून यायचे ठरवितात.

ड्रेस्डेनहून प्रागकडे जाणारी गाडी एल्ब नदीच्या काठाकाठाने धावते आणि सीमा केव्हा ओलांडली हे स्थानकांवरच्या पाट्या बदलल्यावरच ध्यानात येते. प्रागमध्ये वडिलांच्या त्या छायाचित्रातला पूल आहे. चार्ल्स चौथा या सम्राटाच्या काळात, १३५७ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. त्याच सम्राटाने १३४८ मध्ये स्थापन केलेले विद्यापीठ आजही चालू आहे. या शहरात विद्यार्थ्यांना विद्यार्थी म्हणूनच काही शिकण्यासारखे आहे. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझी राजवटीने चेक विद्यापीठे बंद केली, विद्यार्थी चळवळीतील नऊ जणांना ठार केले आणि बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांची छळछावणीत रवानगी केली. बरोबर पन्नास वर्षांनी, १७ नोव्हेंबर १९८९ रोजी, त्या स्मृतिदिनी विद्यार्थ्यांनी काढलेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि त्यातून उसळलेल्या शांततामय आंदोलनाने काही आठवड्यांतच तेथील एकपक्षीय राजवट संपुष्टात आणली. जगभर १७ नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन मानला जातो, तो या इतिहासामुळे. पाठ्यपुस्तकात ही दोन ओळींची माहिती असते. त्याच रस्त्यावरून चालताना मोर्चेकरी आपल्याच वयाचे होते, हे मनात उतरते.

व्हिएन्नात पोहोचल्यावर चौघांच्या वाटा थोड्या वेगळ्या होतात आणि मित्रांबरोबर प्रवास करण्याचे मर्म येथेच कळते. मेक्सिकोची मुलगी सर्वांना ओढून एका संग्रहालयात नेते. तेथे हिरव्या पिसांचा एक भव्य प्राचीन मुकुट आहे. तो अॅझ्टेक राजा मोक्तेसुमा याचा, अशी परंपरागत समजूत असून तो परत मिळावा ही मेक्सिकोची जुनी मागणी आहे. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील मॅक्झिमिलियन मेक्सिकोचा सम्राट म्हणून गेला आणि १८६७ मध्ये तेथेच गोळ्या घालून मारला गेला, हेही तीच सांगते. हे ऐकताना इंदूरच्या मुलीला ब्रिटनमध्ये असलेला कोहिनूर आठवल्यावाचून राहत नाही. दोन देशांच्या मुली एकाच काचेसमोर उभ्या राहून एकच दुःख ओळखतात, हे कोणत्या वर्गात शिकविता येईल?

केरळच्या मुलाला या शहरात वेगळाच धागा सापडतो. १९३३ नंतर सुभाषचंद्र बोस उपचारांसाठी व्हिएन्नात राहिले होते आणि भारतीय स्वातंत्र्यलढ्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक त्यांनी तेथेच लिहिले. बँकेच्या ग्राहकाला तेथे आणखी एक वास्तू पाहावीशी वाटेल, ती म्हणजे टपाल बचत बँकेची. वास्तुविशारद ऑटो वाग्नर यांनी उभारलेली ही इमारत १९०६ मध्ये कामासाठी खुली झाली. संगमरवरी लाद्यांवर दिसणारे अॅल्युमिनियमचे गोल खिळे आणि काचेच्या छतातून स्वच्छ उजेड झिरपणारे रोखपालांचे दालन यांमुळे ती आधुनिक वास्तुकलेतील मैलाचा दगड ठरली. भारतातील टपाल बचत बँक १८८२ मध्ये सुरू झाली, ऑस्ट्रियातील १८८३ मध्ये. लहान ठेवीदाराच्या चार पैशांसाठी कोणी एवढी देखणी वास्तू बांधली, हे पाहून बँकेशी नाते असलेल्या कोणालाही समाधान वाटेल.

बुडापेस्टमध्ये बोलण्याची पाळी तुर्कस्तानच्या मुलाची. १५४१ ते १६८६ हे शहर उस्मानी सत्तेखाली होते. त्या काळची उष्ण झऱ्यांची स्नानगृहे अजून वापरात आहेत. त्याच्या शाळेत जो विजय म्हणून शिकविला गेला, तो येथे पारतंत्र्य म्हणून शिकविला जातो. आणि रात्री वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भात शिजत असताना या विषयावर चौघांचा वाद रंगतो. इंदूरच्या मुलीला याच शहराशी नाते सांगणारे एक नाव ठाऊक असते. चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म १९१३ मध्ये येथलाच.

डॅन्यूब नदीच्या काठावर, संसदभवनापासून जवळच, लोखंडाचे साठ जोड जुने बूट मांडलेले आहेत. स्त्रियांचे, पुरुषांचे, लहान मुलांचेही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरीतील फॅसिस्टांनी ज्यूंना येथे उभे करून, बूट काढावयास लावून, गोळ्या घातल्या आणि देह नदीत लोटले. २००५ मध्ये उभारलेल्या या स्मारकापाशी कोणी मोठ्याने बोलत नाही. चार मित्रही तेथे गप्प उभे राहतात. ती शांतता त्यांच्या मैत्रीचा कायमचा भाग होऊन जाते.

हिशेबाची शाळा

एवढे सांगूनही पैशाचा प्रश्न उरतोच. आणि बँकेच्या मासिकाने तो टाळणे योग्य होणार नाही. गंमत अशी, की हा प्रवास स्वतःच हिशेबाची उत्तम शाळा आहे. या एका फेरीत तीन चलने हाताळावी लागतात: चेक प्रजासत्ताकात कोरुना, ऑस्ट्रियात युरो आणि हंगेरीत फोरिंट. फोरिंटचा जन्म तर अर्थशास्त्राचा धडाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीत जगातील आजवरची सर्वांत भीषण चलनवाढ झाली. जुलै १९४६ मध्ये किमती सुमारे दर पंधरा तासांनी दुप्पट होत होत्या. १ ऑगस्ट १९४६ रोजी पेंगो हे जुने चलन रद्द करून फोरिंट आणले गेले, तेव्हा एका फोरिंटसाठी जितके पेंगो धरले गेले तो आकडा चारावर एकोणतीस शून्ये मांडून लिहावा लागतो. आयुष्यभराची बचत एका महिन्यात कशी मातीमोल होते, हे ज्याने त्या भूमीवर उभे राहून समजून घेतले, तो चलनस्थैर्याला पुन्हा कधी क्षुल्लक मानणार नाही.

व्यवहारातील धडेही रोजचे असतात. परदेशी एटीएम यंत्र पडद्यावर प्रश्न विचारते: रक्कम स्थानिक चलनात आकारावी की आपल्या खात्याच्या चलनात? ओळखीचे चलन पाहून हात आपसूक दुसऱ्या पर्यायाकडे जातो आणि यंत्रचालकाने लावलेला महाग दर पदरी पडतो. स्थानिक चलन निवडणे बहुधा लाभाचे असते. प्रागच्या पर्यटनस्थळी शुल्क नाही अशी ठळक पाटी लावून दरातच फसविणारे चलनविक्रेते पूर्वी फार होते. त्यावर उपाय म्हणून २०१९ पासून चेक कायद्याने ग्राहकाला तीन तासांच्या आत असा व्यवहार रद्द करण्याचा हक्क दिला. हा हक्क ठाऊक असलेला विद्यार्थी पावती जपून ठेवतो. नसलेला हळहळत बसतो.

सर्वांत मोठा धडा मित्रांमधील हिशेबाचा. तिकिटे एकाने काढली, किराणा दुसरीने भरला, वसतिगृहाचे पैसे तिसऱ्याने दिले. मैत्रीत हिशेब कसला, असे म्हणणारी मैत्री बहुधा हिशेबावरच तुटते. रोज रात्री पाच मिनिटे बसून चौघांनी आकडे जुळविले तर मन साफ राहते. येथेच एक नाजूक गोष्टही सांगितली पाहिजे. चौघांची ऐपत सारखी नसते. ज्याच्या घरी नुकतेच आजारपण झाले आहे किंवा ज्याला अर्धवेळ काम मिळालेले नाही, त्याला या वेळी मला जमणार नाही असे सांगता आले पाहिजे आणि ते ऐकणाऱ्यांनी भुवया उंचावता कामा नयेत. भिडेपोटी काढलेली सहल आणि भिडेपोटी घेतलेले कर्ज यांची गत सारखीच होते.

कर्जाची मर्यादा

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत कोणते खर्च धरावेत याची यादी आहे. शुल्क, वसतिगृह, पुस्तके, परदेशी जाण्याचे प्रवासभाडे, तसेच अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी लागणारे अभ्यासदौरे आणि प्रकल्पकार्य यांचा तीत समावेश होतो. सुट्टीतील सहल त्यात नाही, आणि नसावीच. सामान्यतः अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष मुद्दलाचा हप्ता सुरू होत नाही; परंतु त्या काळात व्याज थांबलेले नसते. शिवाय खर्च परकीय चलनात असल्याने रुपया घसरला की घरच्यांवरील भार वाढतो. सहलीसाठी कर्जातून घेतलेला एकेक युरो नोकरी लागल्यावर व्याजासह फेडावा लागणार, हे विद्यार्थ्याने कधी विसरू नये.

मग पैसा यावा कोठून? जर्मनीचेच उदाहरण घेतले तर २०२४ च्या मार्चपासून तेथील परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा मिळाली. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, उपाहारगृहात केलेल्या कामातून दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकता येते. विद्यार्थी म्हणून सवलतीही असतात. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध ऑपेरागृहात उभे राहून ऐकण्याची तिकिटे अगदी स्वस्त मिळतात. पॅरिसला गेल्यास लूव्र संग्रहालयात युरोपीय आर्थिक क्षेत्रात वास्तव्य असणाऱ्या २६ वर्षांखालील तरुणांना प्रवेश विनामूल्य आहे. हीच शहरे पुढे कुटुंबासह भारतातून पाहावयाची ठरविली, तर विमानभाडे, व्हिसा, हॉटेल हा सारा खर्च नव्याने करावा लागेल.

नियमांचे भान मात्र हवे. शेंगेन करारातील एका देशाचा निवास परवाना असलेल्यास त्या क्षेत्रातील इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास मात्र वेगळा शेंगेन व्हिसा काढावा लागतो. पारपत्र आणि परवाना दोन्ही जवळ बाळगावेत. जर्मनीने २०२४ मध्ये आपल्या सर्व भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केल्यावर गाड्यांतही कागद पाहिले जाऊ लागले. आरोग्यविमा शेजारच्या देशात लागू आहे की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणि परीक्षा राहिली असेल, तर प्रवासही राहू द्यावा.

सांगून निघावे

आता पुन्हा शाखेतील त्या वडिलांकडे वळू. मुलाने लपविले, हा त्याचा दोष खराच. परंतु त्याला लपवावेसे का वाटले, याचा विचार घरानेही करावयास हवा. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न गुणांचा, दुसरा खर्चाचा आणि तिसरा नोकरीचा असेल, तर पुलावर घालविलेल्या संध्याकाळीबद्दल बोलण्यास जागा कोठे उरते? हौस म्हणजे उधळपट्टी, असे ज्या घरात गृहीत धरले जाते, त्या घरातील मुले हौस सोडत नाहीत. ती सांगणे सोडतात. आज सहल लपविली जाते. उद्या राहिलेला विषय, सुटलेली नोकरी किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी लपविली जाईल. कर्जखात्याला खरा धोका या मौनाचा आहे. अडचण वेळेवर कळली तर पालकांना बँकेशी बोलता येते, मार्ग काढता येतो. उशिरा कळली तर सर्वांचेच हात बांधले जातात.

उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी मुलाने घरी एक पानभर हिशेब पाठवावा: कोठे जाणार, कोणाबरोबर, किती दिवस, अंदाजे किती खर्च आणि तो कोणत्या बचतीतून. परतल्यावर दुसरे पान पाठवावे: प्रत्यक्ष किती लागले आणि काय पाहिले. पालकांनी पहिल्या पानावर शंका जरूर काढाव्यात, पण दुसरे पान मनापासून वाचावे. त्यात नुसते आकडे नसतील. साठ जोड लोखंडी बूट असतील, पिसांचा मुकुट असेल, एका तुर्की मित्राशी झालेला वाद असेल. ज्या शिक्षणासाठी त्यांनी घर तारण ठेवले, त्याचा हाही एक हिस्सा आहे; आणि तो कोणत्याही गुणपत्रिकेत दिसणार नाही.

तेच छायाचित्र, तोच पूल, तेच चार मित्र. फरक इतकाच की ते पुतण्याच्या मोबाइलवरून न येता मुलाने स्वतः पाठविलेले असावे, आणि खाली लिहिलेले असावे: "बाबा, तिकिटाचे पैसे ग्रंथालयातल्या कामाचे आहेत. पुढच्या वेळी तुम्हा दोघांना येथे आणायचे आहे." असे छायाचित्र घेऊन शाखेत आलेले वडील ते रोखपालालाही दाखवतील, रांगेतील शेजाऱ्यालाही दाखवतील. खातेउताऱ्यातील व्याजाचा आकडा त्या दिवशीही तेवढाच असेल, पण तो वाचून ते उतारा शांतपणे घडी करून खिशात ठेवतील.